शिंपलीवाले आणि अंगवाले

आपल्याकडच्या तळ्या-डबक्यांत राहणाऱ्या एका जिवाचं बारसं 1840 साली लंडनमध्ये झालं. बारशाला उत्सवमूर्ती हजर नव्हती. तिच्या नावाने पाळण्यात जी शिंपली घातली गेली, ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वारलेल्या भलत्याच कुणाची तरी होती. पुढे दीडशे वर्षं सगळे त्याच नावाने हाका मारत राहिले. त्या जिवाने कधी ओ दिली नाही, पण त्याला ओ देता येत नसल्यामुळे कुणाला संशय आला नाही.

तपशील असा. जॉन ग्रँट माल्कमसन नावाचे एक सर्जन मद्रासच्या फौजेत होते. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडच्या कडेने हिंडताना त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ अडकलेला दिसला. म्हणजे एक लाव्हा येऊन गेला, निवला, त्यावर पाणी साचलं, पाण्यात संसार थाटले गेले, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. त्या गाळातल्या शंख-शिंपल्या विलायतेत पोहोचल्या. तिथे जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी त्या पाहिल्या आणि नावं ठेवली. एका गोलसर शिंपलीला सिप्रिस सबग्लोबोसा, एका लांबट शिंपलीला सिप्रिस सिलिंड्रिका. इथवर सगळं रीतसर होतं.

पुढे नागपूरला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. धर्मोपदेशातून वेळ काढून हे गृहस्थ टाकळीचे दगड फोडायचे आणि आसपासची डबकीही गाळायचे. दगडातली मेलेली मंडळी त्यांनी रूपर्ट जोन्स यांच्याकडे पाठवली, डबक्यातली जिवंत मंडळी विल्यम बेअर्ड यांच्याकडे. बेअर्ड यांनी 1859 साली नागपूरच्या जिवंत मंडळींवर लेख लिहिला. त्यात एक लांबट प्राणी होता. बेअर्ड यांनी सॉवर्बीच्या लांबट जीवाश्माचं चित्र पाहिलं असणार, प्राणी पाहिला, आणि ठरवलं की हा तोच, फक्त जरा मोठा. नाव दिलं सिप्रिस सिलिंड्रिका, प्रकार ‘मेजर’. एक तळं लाव्हाखाली गाडलेलं, दुसऱ्यावर धोबी कपडे धुतायत, आणि दोन्हींतला रहिवासी एकच! मधली सहा-साडेसहा कोटी वर्षं हिशेबातच नव्हती, कारण ती तेवढी आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज हा ‘मेजर’ स्टेनोसिप्रिस मेजर या नावाने स्वतंत्र जात म्हणून नांदतो आहे. फौजेतल्या डॉक्टरने आणलेल्या शिंपलीपायी नागपूरच्या डबक्यात मेजरसाहेब निघाले, ही गोष्ट मला फार आवडते.

गोलसर शिंपलीचं प्रकरण त्याहून रंगलं. तिचं नाव भारतभरच्या, आणि भारताबाहेरच्याही, तळ्यांतल्या जिवंत गोलसर प्राण्यांना बिनदिक्कत लावलं गेलं. दरम्यान जीवाश्मवाल्यांनी मूळ शिंपली पुन्हा नीट पाहिली आणि तिला उचलून पॅरासिप्रेटा नावाच्या वेगळ्याच प्रजातीत नेऊन ठेवलं. म्हणजे नावाचा मूळ मालक घर सोडून गेला आणि भाडेकरू पाटीवर तेच नाव ठेवून राहिला.

हे सगळं मला माझ्या भाचीने सांगितलं. ती याच प्राण्यांवर डॉक्टरेट करते. कोणत्या संस्थेत ते सांगत नाही, कारण तिथल्या सूक्ष्मदर्शकाबद्दल पुढे मी काही बोलणार आहे.

प्राण्याचं नाव ऑस्ट्रॅकॉड. झिंगे-खेकड्यांच्या भावकीतला, पण भावकीने फारसा विचारात न घेतलेला. गोड्या पाण्यातला नमुना साधारण अर्धा ते दोन-अडीच मिलिमीटर. अंगाला दोन चुनखडी शिंपल्या, पाठीकडे बिजागरी. शिंपल्या किंचित उघडायच्या, फटीतून पाय आणि मिशा बाहेर काढायच्या आणि पळत सुटायचं. काही अडचण आली की मिटून घ्यायचं. समुद्रातले सोडून, म्हणजे गोड्या पाण्यातल्या आणि तत्सम, जिवंत जातीच सुमारे 2,300 आहेत. मराठीत त्यांना काय म्हणतात, असं मी आमच्या भोई मित्राला विचारलं. तो म्हणाला, “जे जाळ्यात लागत नाही त्याला आम्ही काही म्हणत नाही जी.”

भाचीचं काम एका वाक्यात सांगायचं तर शिंपली पाहून मालक ओळखणे. हे वाक्य आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ झालं आहे आणि कुणालाही कळलेलं नाही. शेजारचे काका तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि गुडघा दाखवतात.

एकदा तिने मला काम बघायला नेलं. तळ्यातला गाळ आणायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेलं वाळवायचं आणि ते काळ्या तबकडीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. वाळूच्या कणांत मधूनच एक पांढुरकी, अर्धपारदर्शक, रेखीव शिंपली. ती उचलायला चिमटा चालत नाही, चुरा होतो. त्यासाठी चित्रकाराचा सगळ्यात बारीक कुंचला लागतो, आणि त्याचं टोक ओलं लागतं. भाचीने कुंचला जिभेला लावला, टोक टोकदार केलं, शिंपली अलगद उचलली, चौकटी आखलेल्या पट्टीवर ठेवली, आणि कुंचला पुन्हा जिभेला लावला.

“अगं, तो गाळ फुटाळा तलावाचा आहे ना?”

“मामा, तू श्वास रोख. उडेल.”

मी श्वास रोखला. जगात बहुधा हे एकच शास्त्र असेल ज्यात पाहुण्याला शिंक आली तर एक जात नामशेष होऊ शकते. सूक्ष्मदर्शकाचा एक डोळा धूसर होता आणि दुसरा त्याहून धूसर. खरेदीचा प्रस्ताव वर गेलेला आहे असं मला सांगण्यात आलं. माल्कमसन यांच्या शिंपल्या मद्रासहून लंडनला पोहोचायला बहुधा यापेक्षा कमी वेळ लागला असावा.

तर ओळखायचं कसं? पहिली पायरी म्हणजे शिंपली डावी की उजवी. त्यासाठी आधी पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे कळायला हवं, आणि हा बटाटा मधोमध धरला तर दोन्हीकडून सारखाच दिसतो. खूण आतल्या बाजूला असते. दोन शिंपल्या मिटणारा स्नायू जिथे चिकटलेला असतो तिथे त्याचे वण उमटतात. ते मध्याच्या जरा पुढे असतात. एकदा वण सापडले की पुढचं टोक कळतं, बिजागरी वर धरली की डावं-उजवं कळतं. शिवाय वणांची मांडणी हीच कुळाची खूण. एका कुळात चार वण उभ्या ओळीत, डार्विन्युला नावाच्या मंडळींत फुलासारखे गोलाकार. हे वण प्राणी मेल्यावरही राहतात. जिवंतपणी दार घट्ट लावून बसायची सवय होती, एवढीच चरित्राची नोंद मागे उरते.

दुसरी पायरी म्हणजे कोणती शिंपली कोणत्या शिंपलीवर येते. दोन्ही सारख्या मापाच्या नसतात, एक जराशी मोठी असते आणि तिची कड दुसरीवर चढते. हेटरोसिप्रिसमध्ये डावी उजवीवर, हेमिसिप्रिसमध्ये उजवी डावीवर. बाकी दोघांत बाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक नाही. हे मी घरी येऊन सौ.ला सांगितलं तर तिला जे कळायला विद्यापीठात तीन सेमिस्टर घालवतात ते एका वाक्यात कळलं. “म्हणजे आपला पदर डाव्या खांद्यावर आणि गुजराथणीचा उजव्या. त्यात काय एवढं?” भाचीला तिने तोच प्रश्न फोनवर विचारला. भाची म्हणाली, “मामी, इथे साडी एकीकडे सापडते आणि पदर दुसरीकडे.”

कारण प्राणी मेला की बिजागरी सुटते. गाळात सापडते ती बहुतेक वेळा एकटी शिंपली. तिच्यात वण स्पष्ट दिसतात, पण कोण कोणावर चढलं होतं हे कळायला कडेवरच्या रेघा वाचाव्या लागतात. उलट एखादा मिटलेलाच सापडला तर पदर दिसतो, पण वण आत बंद. उघडायला जावं तर तुटतो. देवाने ही व्यवस्था कोणत्या मनःस्थितीत केली असेल ते त्यालाच ठाऊक.

यावर तोडगा म्हणून शिंपलीचे फोटो काढतात, साध्या कॅमेऱ्याने नव्हे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. त्यासाठी शिंपलीला सोन्याचा मुलामा देतात. हे ऐकताच सौ.चा या विषयातला रस अचानक वाढला. सोन्याचा थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो असं कळल्यावर तो पुन्हा पूर्ववत झाला.

आता समजा, सगळं दिसलं. आकार दिसला, कड दिसली, वण दिसले, पृष्ठभागावरची नक्षी, केसांची भोकं, सगळं. तरी जात कळेलच असं नाही. याचं कारण हा प्राणी आयुष्यात आठ वेळा कपडे बदलतो. अंड्यातून निघताना एक जोडी शिंपल्या असते. अंग वाढलं की ती टाकायची आणि नवी बनवायची, तीही जुनीतला चुना परत न घेता, पाण्यातून ताजा चुना ओढून. प्रत्येक वेळी लांबी साधारण सव्वापट. म्हणजे एकच जीव नऊ जोड्या, अठरा शिंपल्या मागे ठेवून जातो. लहानपणच्या शिंपल्या मोठेपणच्यांसारख्या नसतात, पण दुसऱ्या जातीच्या लहानपणच्यांसारख्या मात्र असतात. बालवाडीच्या फोटोत आपलं पोर ओळखताना जी दमछाक होते, ती इथे व्यवसाय म्हणून करायची असते. जुन्या ग्रंथांतली पोरवयाची काही पात्रं स्वतंत्र जाती म्हणून वावरून गेली, यात नवल नाही.

शिवाय नर-मादी. काही जातींत नराची शिंपली मादीपेक्षा वेगळ्या मापाची आणि वेगळ्या घाटाची असते. दोघांच्या शिंपल्या वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या नावांनी ठेवायच्या आणि मग कुणीतरी येऊन सांगायचं की अहो, हे नवरा-बायको आहेत, असंही घडलेलं आहे.

आणि शिवाय पाणी. युरोपात खाडीकाठच्या मचूळ पाण्यात सिप्रिडिस टोरोसा नावाचा एक राहतो. पाण्यातलं मीठ कमी झालं की याच्या शिंपलीवर टेंगळं येतात. टेंगळं नसलेल्याला वेगळं नाव होतं, लिटोरालिस. शेवटी लक्षात आलं की प्राणी एकच, पाणी बदलल्यामुळे त्याला टेंगळं येतात आणि जातात. त्यामुळे आता शिंपलीवरून जात ओळखण्याऐवजी टेंगळं मोजून पूर्वीचं पाणी किती खारट होतं ते ठरवतात. म्हणजे जो साक्षीदार स्वतःचं नाव धड सांगत नव्हता, त्याच्याच जबानीवर आता हवामानाचा खटला चालतो.

यावर अंगवाल्यांचं म्हणणं असं की, आम्ही पहिल्यापासून सांगतच होतो.

या शास्त्रात दोन पंथ आहेत. भूगर्भवाले, म्हणजे शिंपलीवाले. प्राणिशास्त्रवाले, म्हणजे अंगवाले. भाचीची पंचाईत अशी की तिचे एक मार्गदर्शक शिंपलीवाले आणि दुसरे अंगवाले. दोघे एकमेकांना ‘सर’ म्हणतात आणि एकमेकांच्या प्रबंधांना ‘प्राथमिक स्वरूपाचं काम’ म्हणतात. अंगवाल्यांच्या मते शिंपली म्हणजे नुसतं वेष्टण. खरी जात आत, पायांत, मिशांत, मिशांवरच्या केसांत. शिंपलीवाल्यांच्या मते अंग हा एक नाशवंत पदार्थ आहे. दोन दिवसांत सडतो, आणि त्याच्यावर शास्त्र उभं करणं म्हणजे बर्फावर दुकानाची पाटी लिहिणं.

अंगवाल्यांची पद्धतही एकदा पाहिली. एक मिलिमीटरचा प्राणी काचेवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा. दोन्ही हातांत केसाएवढ्या सुया. शिंपल्या सोडवून बाजूला. मग एकेक अवयव सुटा करायचा. सात जोड्या असतात. त्यांतली शेवटची जोडी वाकून शिंपलीच्या आत फिरते आणि फक्त झाडलोट करते. हे सांगताना भाचीने का कोण जाणे माझ्याकडे पाहिलं. मग काचेवर काच. शिंपल्या मात्र कोरड्या वेगळ्या पट्टीवर. अशा रीतीने अंग एका कपाटात आणि घर दुसऱ्या कपाटात जातं, आणि दोन्हींवर एकच क्रमांक लिहिला नाही तर पुढच्या पिढीतल्या कुणाच्या तरी प्रबंधाची सोय होते.

जातीचा पक्का पुरावा बहुधा नराच्या एका अवयवात असतो. त्याचं मराठी नाव आहे, पण या मासिकाचे वाचक सहकुटुंब वाचतात. अडचण अशी की कित्येक जातींत नर सापडतच नाहीत. माद्याच माद्या, त्यांच्या पोटी माद्या, सगळं सुरळीत. या बाबतीत डार्विन्युलांच्या कुळाची कीर्ती मोठी आहे. (यांना डार्विनचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा आधी निवडलेलं डार्विनेला हे नाव एका स्पंजाने अगोदरच अडवून ठेवलेलं निघालं. स्पंजदेखील जागा अडवतात.) वीस कोटी वर्षं या कुळात नरच नाही, असं मानलं जात होतं. उत्क्रांतीच्या पुस्तकांत हे उदाहरण मानाने छापलं जायचं, कारण नराशिवाय एवढी वर्षं निभावणं म्हणजे सिद्धांताच्या नाकावर टिच्चून जगणं. मग 2006 साली जपानच्या यकुशिमा बेटावरून या कुळातले मोजके जिवंत नर सापडल्याचं जाहीर झालं. ते तिथे काय करत होते, यावर अद्याप एकमत नाही. हे सौ.ला सांगितलं तेव्हा तिला यात बातमी कोणती, ते कळलं नाही.

याच्या उलट टोकाला काही जातींचे नर. शरीर दोन-तीन मिलिमीटर आणि एकेका शुक्रजंतूची लांबी शरीराच्या कित्येक पट. एवढा लांब ऐवज ठेवायचा कुठे, म्हणून त्याचं सगळं भांडार थेट शिंपलीच्या दुहेरी भिंतीत पसरलेलं असतं आणि शिंपलीवर त्याच्या खुणा उमटतात. म्हणजे इथे शिंपलीवाले आणि अंगवाले दोघे एका मुद्द्यावर आले. म्यानमारच्या अंबरमध्ये, दहा कोटी वर्षांपूर्वीच्या डिंकाच्या खड्यात, अशी एक मादी सापडली आणि तिच्या पोटात ते लांब शुक्रजंतू जसेच्या तसे होते. 2020 साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. ऑस्ट्रॅकॉडांना इतकी प्रसिद्धी त्याआधी कधी मिळाली नव्हती, आणि मिळाली ती कशासाठी, बघा.

पण अंबर सगळ्यांच्या नशिबी नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या लेंड्यांचे दगड सापडतात. 2015 साली संशोधकांनी या दगडांचे काप काढून पाहिले, तर आत वनस्पतींच्या तुकड्यांबरोबर ऑस्ट्रॅकॉडांच्या शिंपल्या. चाऱ्याबरोबर किंवा पाण्याबरोबर गिळल्या गेल्या असाव्यात. तळ्यात राहत होते, डायनोसॉरच्या पोटातून प्रवास झाला, वरून लाव्हा गेला, आणि आता एक मुलगी विचारते आहे की तुमची डावी शिंपली उजवीवर होती का. मी त्यांच्या जागी असतो तर मला रागच आला असता. भाचीला मात्र यात काही विशेष वाटत नाही. ती म्हणते, यांना पोटातून जायची सवय आहे. अमेरिकेतल्या एका माशाने गिळलेला सिप्रिडॉप्सिस घट्ट मिटून बसतो आणि पलीकडून जिवंत बाहेर येतो. त्यावर 1979 साली रीतसर शोधनिबंध आहे. त्याच वर्षी व्हिक्टर आणि फर्नांडो यांचा भारतातल्या गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकॉडांवरचा मोठा प्रबंधही प्रसिद्ध झाला. भाचीच्या टेबलावर त्याची झेरॉक्स असते. त्या झेरॉक्सची एक झेरॉक्स तिच्या उशाशी असते.

ओळख पटली नाही तर काय लिहायचं, याचीही या शास्त्रात सोय आहे, आणि ती मला सगळ्यात सुसंस्कृत वाटते. खात्री थोडी कमी असेल तर दोन नावांच्या मध्ये ‘सीएफ’ लिहायचं, म्हणजे तो असावा, ताडून पाहा. तो नाही पण त्याच्या नात्यातला असेल तर ‘अ‍ॅफ’. प्रजाती कळली, जात नाही, तर नुसतं ‘एसपी’. दोन न कळलेले असतील तर ‘एसपी ए’ आणि ‘एसपी बी’. प्रजातीचीच शंका असेल तर सरळ प्रश्नचिन्ह. तलाठ्याच्या दप्तरात अशी सोय असती तर आमच्या वडिलोपार्जित शेताचा वारस ‘सीएफ थोरला मुलगा’ म्हणून लागला असता आणि दोन पिढ्यांचं भांडण वाचलं असतं. भाचीच्या पट्ट्यांवरची निम्मी अक्षरं अशी अडखळणारीच आहेत. तिच्या दोघा मार्गदर्शकांतल्या मोठ्या सरांना ती खपत नाहीत. त्यांना संपूर्ण नाव हवं असतं. त्यांनी स्वतः मागे एका जातीला नाव दिलं होतं, ते आता ‘अ‍ॅफ’मध्ये गेलं आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

शिंपलीच्या या भांडणातून सुटायचा मार्ग शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन माणसाने दाखवून ठेवला आहे. गेओर्ग ओसियान सार्स हे त्यांचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा, पण तिकडे जायचं नाही, असा त्यांचा बेत. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या तळ्यांतला सुकलेला चिखल मागवला, तेव्हाच्या क्रिस्तियानियात, म्हणजे आताच्या ओस्लोत, काचेच्या भांड्यांत पाण्यात भिजत घातला आणि वाट पाहिली. चिखलात ऑस्ट्रॅकॉडांची अंडी होती. ती कोरडी पडली तरी मरत नाहीत. प्राणी उपजले, मोठे झाले, पोहू लागले. आता अंगही समोर, शिंपलीही समोर, आणि नमुना कमी पडला तर पुन्हा चिखल भिजवायचा. 1889 साली त्यावर निबंध लिहून सार्स मोकळे झाले. पुढे दक्षिण आफ्रिका, चीन असा कुठकुठचा चिखल त्यांच्याकडे आला. घरबसल्या जगप्रवास करणाऱ्यांत मी त्यांना फार वर मानतो.

भाचीनेही हेच केलं. मे महिन्यात तळ्याच्या कोरड्या पडलेल्या काठावरून चिखलाच्या खपल्या आणल्या. प्रयोगशाळेत जागा नव्हती, तिथे एका न चालणाऱ्या फ्रीजने जागा अडवलेली होती. म्हणून खपल्या आमच्या घरी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, बोअरच्या पाण्यात भिजल्या. डब्यांवर चिठ्ठ्या: ‘हात लावू नये’, ‘ढवळू नये’, आणि एकावर मामीच्या अक्षरात, ‘खाऊ नये’. काही दिवसांनी पाण्यात ठिपके पळू लागले. पण भाचीचं लक्ष डब्यांवरून उडालं, कारण बाल्कनीतल्या कूलरच्या टाकीत, जिथे कुणी चिखल भिजवला नव्हता, तसलेच ठिपके आपोआप पळत होते. आणि ते डब्यातल्या कोणत्याच नमुन्याशी जुळत नव्हते. बहुधा वाऱ्याने आलेली धूळ. किंवा चिमण्यांचे पाय. भाचीने टाकी ‘स्थानक क्रमांक 14’ म्हणून वहीत नोंदवली आणि घरात फतवा निघाला की कूलर चालवायचा नाही. नागपूर, मे महिना, 46 अंश. सौ. म्हणाली, विज्ञानासाठी माणसं फासावर गेली आहेत, आपण काय, घामच गाळायचा.

पाऊस लागला तशी डेंग्यूच्या अळ्या तपासणारी बाई आली. हातात टॉर्च, काखेत रजिस्टर. सरळ बाल्कनीत गेली.

“टाकीत पाणी ठेवलं? कूलर कधीचा बंद आहे ना?”

“ताई, एक मिनिट,” भाची धावत आली. “त्या अळ्या नाहीत. ते ऑस्ट्रॅकॉड आहेत. बहुतेक हेटरोसिप्रिस. म्हणजे हेमिसिप्रिसही असू शकतं, अजून डावी-उजवी बघायची आहे. फक्त माद्याच दिसतायत, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.”

बाईने टॉर्च मारला. वाकून पाहिलं. एकदा तिच्याकडे, एकदा पाण्याकडे. मग रजिस्टर उघडलं, ‘अळी’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि माझी सही घेतली. चार सेकंदांत एवढी निःसंदिग्ध ओळख मी या विषयात कुणालाही पटवताना पाहिलेलं नाही. ना सीएफ, ना अ‍ॅफ, ना प्रश्नचिन्ह.

“नाही ना मग?” भाची म्हणाली.

“नाही. पण पाणी सांडावं लागते,” बाई म्हणाली, आणि बादली मागितली.

भाची आत धावली, हाताला लागला तो चहाचा गंज घेऊन आली आणि टाकीत बुडवू लागली. सौ. मागून ओरडली, “अगं, तो नको, तो दुधाचा आहे!” तोवर अर्धी टाकी मोरीत गेली होती. गंजात जे आले त्यांची वहीतली नोंद आता अशी आहे: हेटरोसिप्रिस, मग प्रश्नचिन्ह, मग ‘एसपी बी’, आणि ठिकाणाच्या रकान्यात ‘मामीचा गंज’.